गोगलगाय नि पोटात पाय
पावसाळ्यात बाग सांभाळा, पण बागेची निगा राखणारे हातही सांभाळा

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप बदलते. ताप, जुलाब, खोकला हे तर नेहमीचेच. परंतु गेल्या काही वर्षांत एक निराळी तक्रार कानी पडू लागली आहे. ‘डॉक्टर, गोगलगाईंनी बागेचा पार फडशा पाडला हो!’ या तक्रारीवर कोणी माझ्याकडे औषध मागत नाही. रक्तदाब मोजून घेताना, बाहीचे बटण लावता लावता ती सहज सांगितली जाते. मीही बरीच वर्षे ती हसून सोडून देत असे. आता सोडून देत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

माझे एक रुग्ण आहेत, निवृत्त शिक्षक. वय शहात्तर. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही बरोबर घेऊन गेली पंधरा वर्षे ते व्यवस्थित जगत आले आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचे घर आणि घरामागे चार पावले रुंदीची जागा. तिथे तुळशीवृंदावन, एक पपई, कर्दळीची रांग आणि झेंडूचा वाफा. झेंडूचे बियाणे त्यांच्या पत्नीने राखून ठेवलेले. त्या गेल्या, पण दरवर्षी त्याच झेंडूचे बी धरायचे, ज्येष्ठात पेरायचे आणि दसऱ्याचे तोरण घरच्याच फुलांचे बांधायचे, हा नेम गुरुजींनी सोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत झेंडूची कोवळी रोपे एका रात्रीत देठापासून खाल्ली गेली. दुसऱ्या रात्री साडेनऊला गुरुजी एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात मिठाची पिशवी घेऊन गोगलगाई शोधायला बाहेर पडले. शेवाळलेल्या फरशीवरून पाय सरकला आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातलेला हात घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा मी डॉक्टरकीच्या अधिकाराने सांगितले, “गुरुजी, आता बागकाम बंद.” त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

दीड महिन्याने त्यांच्या सूनबाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, बाबा मागच्या दाराकडे फिरकतसुद्धा नाहीत. दिवसा झोपतात, रात्री जागतात. जेवण निम्म्यावर आले आहे. साखर कधी चढते, कधी उतरते.” हाड जुळत होते; माणूस मात्र खचत चालला होता. माझ्या सल्ल्यातच खोट होती. पडण्याचे कारण बाग नव्हते; अंधार, शेवाळ आणि रात्रीची शोधाशोध हे होते. मी कारण काढून टाकण्याऐवजी त्या माणसाच्या जगण्याचा आधारच काढून घेतला होता. तेव्हापासून गोगलगाय हा विषय मी गांभीर्याने घेतला.

शत्रूची ओळख

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अगदी खरी आहे. या प्राण्याचा स्नायुमय पाय पोटाखालीच असतो; म्हणूनच या वर्गाला उदरपाद असे नाव आहे. पाठीवर शंख असलेली ती शंखी गोगलगाय आणि शंख नसलेली ती स्लग. दोघींचा स्वभाव एकच. त्यांना ओल हवी, सावली हवी आणि अंधार हवा. दिवसभर कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, पालापाचोळ्यात दडून बसायचे आणि सूर्य मावळल्यावर बाहेर पडायचे.

आपल्याकडे सर्वाधिक नासधूस करते ती आफ्रिकन शंखी गोगलगाय. ती मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ मध्ये मॉरिशसहून आणलेल्या दोन गोगलगाई एका शंखशास्त्रज्ञाने कोलकात्यातील चौरंगी भागातल्या बागेत सोडल्या. तिथून तिचा भारतातील प्रवास सुरू झाला, असे इतिहास सांगतो. आज ती कोकण, मुंबई-ठाण्याच्या परिसरापासून मराठवाड्यापर्यंत पोहोचली आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली.

ती इतकी का वाढते? प्रत्येक गोगलगाईत नर आणि मादी अशी दोन्ही अंगे असतात. त्यामुळे मीलनानंतर प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एका वेळी शंभराहून अधिक आणि वर्षातून अनेक वेळा. ही अंडी ओलसर मातीत थोड्या खोलीवर घातलेली असतात. दिसायला ती पिवळसर पांढऱ्या साबुदाण्यासारखी. उन्हाळ्यात ही गोगलगाय जमिनीत शिरते, शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून घेते आणि महिनोन् महिने निपचित पडून राहते. पहिला पाऊस पडला की ती जागी होते. म्हणूनच ‘काल तर एकही नव्हती, आज कुठून आल्या?’ असा प्रश्न आपल्याला दर जूनमध्ये पडतो.

आरोग्याशी संबंध काय?

गोगलगाय चावत नाही, डसत नाही. तिला पाहून घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. तरी तीन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट एका जंताची. उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहणारा एक सूक्ष्म कृमी आहे. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गोगलगाईच्या शरीरात वाढतात. अशी गोगलगाय किंवा लहानशी स्लग कच्च्या भाजीबरोबर माणसाच्या पोटात गेली, तर या अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून तिथे दाह निर्माण करू शकतात. ऑस्ट्रेलियात एका तरुणाने २०१० मध्ये मित्रांच्या पैजेखातर जिवंत स्लग गिळली. तो दीर्घकाळ बेशुद्ध राहिला, कायमचा अपंग झाला आणि २०१८ मध्ये मरण पावला. हे टोकाचे उदाहरण झाले. हा आजार विरळा आहे आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र दक्षिण भारतातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. कच्ची भाजी खाल्ल्यानंतर किंवा गोगलगाई हाताळल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, उलट्या, अंगावर मुंग्या येणे किंवा त्वचेला नुसता स्पर्शही दुखणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे जावे आणि गोगलगाईंचा उल्लेख आवर्जून करावा. आपण सांगितले नाही, तर डॉक्टरांच्या मनात हा विचार चटकन येणार नाही.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच खावी. शिजवल्याने या अळ्या मरतात. कोथिंबीर, पुदिना, कोबी निवडताना पान न् पान उलटून पाहावे आणि वाहत्या पाण्याखाली धुवावे. नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्यावर विसंबू नये. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करण्याची प्रथा आपल्या अनेक घरांत होती. तिच्यामागील व्यवहारज्ञान आज नव्याने पटते.

आणि तुळस! सकाळी स्नान झाल्यावर वृंदावनातील दोन पाने खुडून तशीच तोंडात टाकण्याची सवय अनेक ज्येष्ठांना आहे. रात्री त्याच पानांवरून गोगलगाय फिरून गेलेली असू शकते. तिच्या चिकट स्रावातून संसर्ग होण्याची शक्यता कमी असली, तरी पाने धुऊनच घ्यावीत. नैवेद्यावर ठेवण्याची पानेही तशीच धुवावीत.

दुसरी गोष्ट हातापायांची. पावसाळ्यातील चिखलात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याचा शिरकाव कातडीवरील लहानशा जखमेतूनही होतो. त्यामुळे रबरी हातमोजे आणि बंद पादत्राणे यांशिवाय ओल्या मातीत उतरू नये. मधुमेही व्यक्तींनी काम संपल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळव्यांना जखम नाही ना, हे रोज पाहावे. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे. फुटलेल्या शंखाची कपची पायात रुतली तरी मधुमेही पायाला ती जाणवतेच असे नाही.

तिसरी गोष्ट विषारी गोळ्यांची. बाजारात गोगलगाई मारण्यासाठी मेटाल्डिहाइड असलेल्या गोळ्या मिळतात. गोगलगाईंना आकर्षित करण्यासाठी त्यांत धान्याचा अंश असतो. त्यामुळे कुत्रीही त्या आवडीने खातात आणि रांगते मूल त्या तोंडात घालू शकते. पोटात गेल्यास उलट्या, लाळ गळणे, थरथर आणि झटके येतात. या विषावर खास असा उतारा नाही. ब्रिटनमध्ये २०२२ पासून या गोळ्यांच्या उघड्यावरील वापरावर बंदी आहे. ज्या घरात नातवंडे, पाळीव प्राणी किंवा विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती आहे, त्या घरात या गोळ्या आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकून कोणाच्या पोटात गेल्याच, तर उलटी करवण्याच्या भरीस न पडता वेष्टन बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

घरगुती उपायांची पारख

‘नैसर्गिक’ म्हटले की उपाय निर्धोक आणि गुणकारी असणारच, असा आपला समज असतो. औषधांप्रमाणेच इथेही पारख करावी लागते. अंड्याची टरफले, तांब्याची पट्टी, जाडी भरड खडी हे उपाय सर्वत्र सुचवले जातात. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या नामांकित संस्थेने २०१८ मध्ये सॅलडच्या रोपांवर नेमके हेच उपाय तपासले. उपाय केलेली आणि न केलेली रोपे जवळपास सारखीच खाल्ली गेली.

राख कोरडी असेपर्यंत गोगलगाईला अडवते. आपल्या पावसात ती तासाभरातही वाहून जाते. चुन्याचा चार बोटे रुंदीचा पट्टा वाफ्याभोवती ओढण्याची पद्धत शेतकरी वापरतात. ती उघडिपीच्या दिवसांत उपयोगी पडते. पण चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. त्यामुळे वाऱ्यात चुना टाकू नये, चष्मा लावावा आणि हे काम ज्येष्ठांनी स्वतः न करता घरातील तरुणाकडे सोपवावे. मीठ जमिनीवर मुळीच टाकू नये. गोगलगाय मरते हे खरे, परंतु माती खारट होते आणि ज्या रोपासाठी एवढा खटाटोप केला तेच वाळते.

गुळाच्या पाण्यातील गोणपाट

मग उपयोगी काय पडते? याचे उत्तर मला सापडले ते गुरुजींच्या सूनबाईंकडे. त्यांचे माहेर कोकणातील सुपारीच्या बागायतीतले. कृषी खात्याची माणसेही शेतकऱ्यांना जो उपाय सांगतात, तोच त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या.

जुने गोणपाट घ्यावे. ते गुळाच्या पाण्यात बुडवून, पिळून, सायंकाळी उजेड असतानाच वाफ्याच्या कडेला पसरावे. खाली पपईची किंवा काकडीची साले, कोबीची बाहेरची पाने ठेवल्यास उत्तम. गुळाच्या वासाने आणि ओलाव्याने रात्री गोगलगाई त्याखाली जमतात आणि उजाडल्यावर तिथेच आसरा घेतात. सकाळी चहा झाल्यावर, चांगले उजाडलेले असताना, गोणपाट उचलायचे आणि लांब चिमट्याने त्या वेचायच्या. रात्री बॅटरी घेऊन हिंडण्याची गरजच उरत नाही. गुरुजींचे मनगट ज्यामुळे मोडले, ते कारणच या उपायाने नाहीसे होते.

वेचलेल्या गोगलगाई झाकणाच्या बादलीत, दोन-तीन मुठी मीठ किंवा साबणाचा चुरा विरघळवलेल्या पाण्यात टाकाव्यात. झाकण हवेच, नाहीतर त्या चढून बाहेर येतात. मेल्यावर फूटभर खोल खड्ड्यात थोडा चुना टाकून पुराव्यात. पायाखाली चिरडू नयेत. त्याने दुर्गंधी सुटते, माश्या आणि उंदीर येतात.

इथे अनेक ज्येष्ठांचे मन अडखळते. चातुर्मासात हातून जीवहत्या नको, असे पुष्कळ आजी-आजोबा मला सांगतात. या भावनेची थट्टा करू नये. मात्र गोगलगाई गोळा करून शेजारच्या मोकळ्या जागेत किंवा नाल्याकाठी सोडणे म्हणजे उपद्रव दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे होय. ज्यांना मारणे नको वाटते, त्यांनी वेचण्याचे आणि नष्ट करण्याचे काम घरातील दुसऱ्यांकडे द्यावे आणि आपण संख्या मुळातच वाढू नये, याकडे लक्ष द्यावे. ते अधिक मोलाचे काम आहे.

संख्या कशी रोखावी? मे महिन्याच्या अखेरीस माती वरवर उकरून साबुदाण्यासारखी अंडी दिसतात का, ते पाहावे. दिसल्यास काढून मिठाच्या पाण्यात टाकावीत. फुटक्या कुंड्या, विटा, लाकडाचे तुकडे, पालापाचोळ्याचे ढीग हलवावेत; हीच त्यांची दिवसाची घरे. झाडांना पाणी सायंकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते. रोपे वीतभर होईपर्यंत उंच कट्ट्यावर किंवा स्टुलावरील ट्रेमध्ये वाढवावीत आणि मगच वाफ्यात लावावीत. कोवळे रोप एका रात्रीत संपते. जून झालेले झाड चार पाने गमावूनही तगते. रोपे उंचावर ठेवण्याचा आणखी एक लाभ म्हणजे गुडघे आणि कंबर वाकवावी लागत नाही.

निसर्गातील मदतनीसही विसरू नयेत. भारद्वाज पक्षी शंखी गोगलगाय फोडून खातो. काजव्याच्या अळ्या तर गोगलगाईंवरच जगतात. बागेत विषारी फवारण्या कमी असतील, तर हे पाहुणे येतात.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आता दोन शब्द घरातील मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठी. आई-वडील बागेत पडतील या भीतीने आपण त्यांना घरात बसवतो. माझ्याकडूनही तेच घडले. त्याऐवजी कामाची वाटणी करावी. वाकणे, उचलणे, फरशीवरील शेवाळ घासून काढणे ही कामे तरुणांनी घ्यावीत. पाहणे, मोजणे, पेरणे, खुडणे ही कामे ज्येष्ठांकडे राहू द्यावीत. मागच्या दाराशी धरायला एक भक्कम दांडी बसवावी. पायऱ्यांवर दिवा असावा. बागेत पाठ असलेली खुर्ची ठेवावी. उकिडवे बसून एकदम उठल्यावर, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तोल जातो. पाऊस पडत असताना कोणीही बाहेर जाऊ नये. गोणपाट एक दिवस उशिरा उचलले तरी चालते. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती, ते एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गुरुजींच्या घरी आम्ही नेमके हेच केले. प्लास्टर निघाल्यावर मी माझा जुना सल्ला मागे घेतला आणि तसे त्यांना स्पष्ट सांगितले. “गुरुजी, मी चुकलो. बाग सुरू करा, पण दिवसाउजेडी.” ते थोडे हसले. म्हणाले, “डॉक्टर, चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमीच उत्तीर्ण करीत आलो.” शेवाळ नातवाने घासले, गोणपाट सूनबाई पसरू लागल्या, सकाळी चिमटाही त्याच धरू लागल्या. गुरुजी खुर्चीवर बसून वहीत संख्या लिहीत. पहिल्या सकाळी त्रेचाळीस. आठवड्याने एकोणीस. पंधरवड्यानंतर सहा. ती वही ते तपासणीला येताना साखरेच्या नोंदींबरोबर मला दाखवायला आणत. गोगलगाई उतरत गेल्या तसतशी रात्रीची झोप परतली, जेवण पूर्ववत झाले आणि साखरही ताळ्यावर आली.

त्या वर्षी झेंडूला उशीर झाला होता. दसऱ्याला तोरणापुरती फुले निघाली नाहीत. दाराला आंब्याच्या पानांमध्ये मोजून सात फुले ओवलेली मी पाहिली. उरलेली फुले गुरुजींनी झाडावरच वाळू दिली होती, बियाण्यासाठी.